मास्तरांचा पुढचा दात

युसुफ मास्तर, तुमचा पुढचा दात मी काढायला लावला. आता तुम्ही नाही, तेव्हा घोळ न घालता सुरुवातीलाच सांगून टाकते. ट्रंपेट वाजवणाऱ्या माणसाला रिक्षात घालून दवाखान्यात नेणारी, त्याच्या वतीनं डॉक्टरला उत्तरं देणारी, आणि त्याचा वरचा दात वाटीत टण्‌कन पडल्यावर "सुटलात बघा!" म्हणणारी बाई अख्ख्या जालन्यात एकच असेल. ती मी.

माझी बाजू एवढीच, की मला तेव्हा नवी कवळी बसली होती. कवळी नवी असली की माणसाला जगातले सगळे दात फालतू वाटायला लागतात. मी चारचौघांत फुटाणे खाऊन दाखवायची. नंतर मोरीत जाऊन, दार लावून, कवळीखाली अडकलेले तुकडे काढायची, ते कोणाला दिसत नसे. गल्लीत कोणी गालाला हात लावून बसलेलं दिसलं की मी हजर. आणि त्या दिवशी तुम्ही तुमच्या दुकानाच्या पायरीवर गालाला रुमाल बांधून बसला होता. कुठं जाणार होता माझ्या तावडीतून?

पण दाताच्या आधी बरंच काही झालं होतं. ते आधी सांगते.

तुमचं बँडचं दुकान आमच्या घरासमोर आलं ते एक्क्याऐंशी साली. लाल कोट ओळीनं टांगलेले, सोनेरी गोंडे, छताला मोठा ढोल, आणि सगळ्यांच्या वर एका खिळ्याला तुमचं ट्रंपेट. लगीनसराईत तीर्थपुरीकडचे, वडीगोद्रीचे लोक सुपारी द्यायला यायचे तेव्हा तुम्ही ते खिळ्यावरून काढून मांडीवर घ्यायचा. वाजवायचा नाही, नुसतं पुसायचा. तेवढ्यानं समोरचा माणूस दबायचा.

दुपारी जेवणं झाली की तुम्ही एकटेच वाजवत बसायचा. त्या साली प्रत्येक वरातीत एक सिनेमातलं गाणं वाजत होतं, पोरासोरांनाही पाठ. तुम्ही ते सुरू करायचा, पहिली ओळ नीट सरळ जायची, आणि मग तुम्ही कुठल्या तरी बोळात शिरायचा. मी गॅलरीत वाळलेले कपडे पुन्हा पुन्हा उलटे करत वाट बघायची, की आता येईल हा माणूस गाण्यावर, आता येईल. तुम्ही यायचाही, पण शेवटच्या ओळीला, तेही मागच्या दारानं. माझा जीव नुसता टांगलेला. असे काही दिवस काढले आणि एका दुपारी पदर खोचून मी रस्ता ओलांडला.

"मास्तर, तुम्हाला हे गाणं येत न्हाई."

"कोणतं भाभी?"

"हेच. रोज चुकून राह्यले तुम्ही. आणि रोज निराळं चुकता. एकच चूक धरून ठेवली असती तर समजलं असतं."

आणि मी ते गाऊन दाखवलं. अख्खं. दोन्ही कडव्यांसकट, हातानं ठेका धरून, भर दुपारी, रिकाम्या कोटांपुढं. तुम्ही ट्रंपेट मांडीवर ठेवून खाली मान घालून ऐकलंत. शेवटी म्हणालात, "हौ भाभी, बराबर. इथंच माझं हुकत होतं." मी विजयी होऊन घरी आले आणि ह्यांना सांगितलं, "बिचाऱ्याला कोणी शिकवलंच नसेल." ह्यांनी पेपरमधून मान वर काढली नाही. "तो माणूस मुंबईच्या बड्या हॉटेलात वर्षानुवर्षं जॅझ वाजवून आलाय," म्हणाले, "तू काय शिकवलंस त्याला?"

त्यानंतर बरेच दिवस आमचे कपडे घरातच वाळले.

तुम्ही काही साधे नव्हतात, मास्तर. गेलेल्या माणसाला लोक लगेच साधा, देवभोळा करून टाकतात. मी करणार नाही. मिशी रंगवायचा. मुंबईचा काळा कोट लाल कोटांच्या मागं वेगळा टांगून ठेवला होता आणि कोणी विचारो न विचारो, त्याची गोष्ट सांगायचा. गळ्याला फुलपाखरासारखी पट्टी, समोर काट्याचमच्यानं जेवणारी माणसं, शेजारी तुमचा गोव्याचा उस्ताद, आणि गाणारी एक बाई. ती बाई एकदा कलकत्त्याची असायची, एकदा लंडनची. मी टोकलं तर म्हणायचा, "भाभी, कुठली बी असंल, गात चांगली होती." मग हॉटेलवाल्यांनी बाजा काढून तिथं टेपची मशीन ठेवली आणि तुम्ही ट्रंपेट घेऊन वडिलांच्या बँडमध्ये परत आलात. एवढा शेवटचा भाग मात्र कधी बदलला नाही. तो दर वेळी त्याच शब्दांत सांगायचा, आणि लगेच उठून काहीतरी आवरायला लागायचा.

जॅझ म्हणजे काय, हे मी तुम्हाला थेट विचारलं तो दिवस नळाचा होता. आठवड्यानं पाणी आलेलं, गल्लीत घागरींची रांग, आणि आम्ही बायका भांडून नुकत्याच मोकळ्या झालेल्या. मी घागर पायरीवर टेकवून विचारलं. तुम्ही जरा विचार केलात.

"आत्ता तुम्ही नळावर जे केलं न भाभी, ते."

"भांडण?"

"सगळ्यांचा विषय एकच, पाणी. पण पहिली एक सांगती, दुसरी तिच्यावरून घेऊन तिसरीकडं नेती, तिसरी सासूपर्यंत जाती. आणि घागर भरली का सगळ्या मिळून परत पाण्यावर. याला जॅझ म्हणतात. तुम्ही तर बिलकुल सोलो घेतला आज."

मी रागानं घागर उचलली. अर्धी तिथंच सांडली. आता नात कॉलेजात जाते आणि विचारते, "आजी, तुला जॅझ कळतो?" मी म्हणते, "कळायचं काय त्यात? मी वाजवलाय."

तुमचं-माझं खरं भांडण मात्र ते नव्हतं. माझं म्हणणं, गाणं हे लोकांचं असतं, ज्यानं बांधलं त्यानं नीट बांधलं, तुम्ही ते नीट पोचवा. तुमचं म्हणणं, "गाणं तर सगळ्यांना मालूम हाय भाभी, मंग मी परत कायको सांगू?" मी म्हणायची, मालूम आहे म्हणूनच ऐकायचंय. तुम्ही म्हणायचा, ऐकायचं तर रेडिओ लावा. मी चिडले की तुमच्या ट्रंपेटला पिपाणी म्हणायची, कारण तुम्हाला तेवढं एकच लागायचं. "पिपाणी नका म्हणू भाभी. बाकी काय बी म्हणा." मग मी मुद्दाम दोनदा म्हणायची.

आणि आमच्या मनीषाचं लग्न. सुपारी अर्थातच तुम्हाला. मी दहा वेळा बजावलं होतं, "पाठवणीला ते रडायचं गाणं वाजवायचं, आणि सरळ वाजवायचं." कारण मला रडायचं होतं, मास्तर. रीतसर. मी त्यासाठी नवा रुमाल घेतला होता, कोणाच्या खांद्यावर पडायचं तेही ठरलं होतं. पोरगी जीपमध्ये बसली, भोकरदनला निघाली, तुम्ही गाणं उचललंत. पहिली ओळ अशी काढलीत, की मांडवातल्या बायकांनी एकदम पदर वर नेले. आणि तिथून तुम्ही जे वळलात! त्या रडक्या गाण्याच्या आतून कुठून तरी एक नाचरं पोर बाहेर आलं आणि जीपच्या मागं मागं पळायला लागलं. मनीषा मान वळवून बघायला लागली. तुम्ही गाल फुगवून, भुवया उडवत, तिच्याकडंच बघून वाजवत होता. ती लहानपणी तुमच्या दुकानाच्या पायरीवर बसून भुवयांचा तोच खेळ बघायची. ती खदखदून हसली. पाठवणीच्या जीपमध्ये. सासरच्यांच्या देखत.

मी तिथंच तुम्हाला धरलं. "पोरगी सासरी चालली आणि तुम्ही तमाशा लावला?"

"हसत गेली न?" तुम्ही म्हणालात. घामानं मिशीचा रंग खाली उतरला होता.

मी पाठ फिरवून मांडवात गेले. महिनाभर बोलले नाही. मनीषा अजून सांगते, की सासरच्या घरात पहिलं पाऊल टाकताना तिच्या छातीत धडधड नव्हती, ते पळणारं पोर होतं. हे तिनं मला लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. मी तुमच्यापर्यंत पोचवलं नाही. रस्ता ओलांडायला किती वेळ लागतो? पण मग भांडणात तुम्ही जिंकला असता.

तर, दात.

तुम्ही पायरीवर बसलेले. मी विचारलं, कधीपासून? तुम्ही हातानंच सांगितलं, बरेच दिवस. वरातीत वाजवताना डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तुम्ही ते घामात मिसळून देत होता, हे तुमच्या धाकट्या भावानं, रफिकनं, मागून सांगितलं. मी कवळी काढून हातात धरली, तुम्हाला दाखवली, परत बसवली. "माझे बत्तीसच्या बत्तीस गेले. तुमचा एक चाललाय. चला." रिक्षा मीच थांबवली.

डॉक्टर नवा पोरगा होता, समजूतदार. त्यानं दात हलवून पाहिला. म्हणाला, "काका, वाचवता येईल. पाच-सहा वेळा यावं लागेल. तुम्ही करता काय?"

आणि तुम्ही म्हणालात, "दुकान हाय."

एवढंच. दुकान हाय. मास्तर, तुम्ही का नाही सांगितलं? जो माणूस सुपारी द्यायला आलेल्या शेतकऱ्याला हॉटेलातल्या लंडनच्या बाईची गोष्ट सांगतो, त्यानं नेमकं तिथंच का तोंड मिटलं? मी यावर फार विचार केलाय. कधी वाटतं, तुम्हाला 'बँडवाला' म्हणवून घ्यायचं नव्हतं, आणि 'ट्रंपेटवादक' म्हणायला त्या खुर्चीत, तोंड उघडं टाकून, लाज वाटली असेल. कधी वाटतं, दुखणंच इतकं होतं की सुटका हवी होती. तुम्हाला विचारायचं राहिलं. विचारलं असतं तर तुम्ही दर वेळी वेगळं उत्तर दिलं असतं म्हणा.

डॉक्टर घुटमळला. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. आणि मी, जिला ट्रंपेट कशावर टेकवतात हेसुद्धा ठाऊक नव्हतं, मी म्हणाले, "कशाला वाचवायचा? काढा. सुखानं भाकरी खातील."

परत आल्यावर तुम्ही दुकानात गेलात. मीही मागं मागं, कौतुक करून घ्यायला. दोन-चार दिवस थांबा असं डॉक्टरनं सांगितलं होतं, तुम्ही कुठले थांबता. खिळ्यावरून ट्रंपेट काढलंत, ओठाला लावलंत, आणि आवाज आला: फुस्स.

मी हसले. हे मी लिहून ठेवते, कारण माझ्या पापांत हे दातापेक्षा मोठं आहे. पंक्चर झालेल्या सायकलसारखा आवाज होता आणि मी तोंडावर हात ठेवून हसले. तुम्ही पुन्हा लावलंत. फुस्स. मग मला तुमचा चेहरा दिसला.

रफिकनं संध्याकाळी समजावून सांगितलं, की ट्रंपेटचं तोंड ओठावर बसतं खरं, पण ओठाला मागून दातांची भिंत लागते. ती पडली की हवा धरून ठेवायला काही उरत नाही. मी म्हणाले, "खोटा दात बसवू." तो म्हणाला, "बसवू भाभी." त्याच्या 'बसवू'मध्ये काही दम नव्हता.

दात बसला. मी विचारलं, कसा आहे? "बोलायला बरा हाय," तुम्ही म्हणालात. पुढं मी विचारलं नाही.

त्यानंतरच्या वराती मी गॅलरीतून पाहिल्या. पुढं रफिक क्लॅरनेट घेऊन, आणि त्याच्याही पुढं तुम्ही, कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कोटात, हातात नुसती काठी. काठी वर गेली की बँड थांबायचा, खाली आली की सुरू. आणि गाणी? सरळ, मास्तर. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत अगदी सरळ, जशी मी त्या दुपारी गाऊन दाखवली होती तशी. मला हवं होतं ते सगळं मिळालं होतं आणि मी गॅलरीचं दार लावून घेत होते.

मग एक दिवस दुकानातला तो खिळा रिकामा दिसला. मी मनाशी म्हटलं, विकलं. आणि तुम्ही दुपारच्या चहानंतर दुकान रफिकवर टाकून जल्दी घरी जायला लागलात. पूर्वी दिवा लागेपर्यंत तुमच्या गप्पा संपत नव्हत्या. मी रोज तुमची पाठ बघायची आणि म्हणायची, ही पाठ फिरली ती माझ्यामुळं. तुम्ही मात्र जाता जाता वर बघून ओरडायचा, "भाभी, कवळी बरी हाय न?" आणि मीही ओरडायची, "पिपाणीपेक्षा बरी!" सवयीनं तोंडातून निघून जायचं. निघून गेलं की जीभ चावावीशी वाटायची, पण कवळीनं जीभ नीट चावतासुद्धा येत नाही.

माफी मागायला मी कितीतरी वेळा रस्ता ओलांडला. दर वेळी काहीतरी निमित्त हातात: धपाटे, लोणचं, पेपरातली बातमी. निमित्त देऊन परत आले. तुम्ही धपाटे खाल्लेत आणि माझ्या हातच्या मिठाला नावं ठेवलीत.

तुम्ही गेलात ती बातमी रफिकच्या पोरानं आणली. आमच्याच गल्लीवरून तुम्हाला नेलं. ज्या रस्त्यानं तुम्ही एवढ्या नवरदेवांना वाजतगाजत नेलं, त्या रस्त्यानं तुम्ही काहीएक न वाजता गेलात; नुसते चपलांचे आवाज. मी गॅलरीत उभी होते. डोक्यात तुमचं ते रडायचं गाणं चालू होतं आणि खरं सांगते, ते काही केल्या सरळ जाईना.

नंतर मी तुमच्या घरी गेले. नदीपलीकडं, पहिल्यांदाच. इतक्या वर्षांत ईदला शिरखुर्म्याचा डबा यायचा, दिवाळीला फराळाचा डबा जायचा. ते डबे एकमेकांना चांगले ओळखत होते, मी आणि तुमची बायको जुलेखाआपा नाही. त्या पलंगावर बसल्या होत्या, पांढऱ्या ओढणीत. नवरा गेल्यानंतरची इद्दत चालू होती, बाहेर पडायचं नव्हतं. मी रिक्षात सगळं पाठ करून गेले होते. आत पाऊल टाकलं आणि सगळं विसरले, कारण पलंगासमोरच्या भिंतीवर, खिळ्याला, तुमचं ट्रंपेट होतं. लख्ख पुसलेलं. त्याच्या पुढच्या पसरट तोंडावर तुमची जुनी लोकरीची टोपी घातलेली.

"आपा," मी म्हणाले, "मास्तरांचा तो दात..."

"कंचा? तुम्ही काढायला लावला तो?"

"तुम्हाला मालूम हाय?"

"अख्ख्या मोहल्ल्याला मालूम हाय. ज्याला त्याला सांगायचे, समोरच्या भाभीनं माझा दात पाडला. मी म्हणायची, भाभीनं मारलं का काय तुमाला?"

मला हसू आलं आणि ते मधेच मोडलं. मी भिंतीकडं बोट केलं. "मला वाटलं, विकलं."

"इकतेत? पोटच्या पोराला इकतील, त्याला न्हाई इकणार. घरी आणलं. लई दिवस नुस्ती हवा, फुस फुस. मी म्हणायची, चूल फुकून राह्यले का? मंग एक दिवस आवाज निघाला. बारीक. दाराच्या भाईर बी जात नव्हता. वर ती टोपी घालायचे, आनखी बारीक करायला. दुपारचा चहा घेतला का दुकानातून येऊन इथं बसायचे, या पलंगासमोर."

"काय वाजवायचे?"

आपांनी जरा आठवलं. "नाव न्हाई मालूम मला. रोज एकच. पन रोज निराळं."

"मला कधी बोलले न्हाईत."

"शरम वाटायची. म्हणायचे, भाभीला कळलं तर नदी वलांडून येईल, परत शिकवायला."

मग मात्र माझ्याच्यानं राहवलं नाही. मी पलंगाच्या कडेला बसले आणि जे इतकी वर्षं धपाट्यांखाली झाकून नेलं होतं ते सगळं सांगितलं: डॉक्टर वाचवतो म्हणाला होता, मीच नको म्हटलं, मीच हसले. मला माफ करा, आपा, म्हणाले. तुमच्या बायकोनं माझा हात धरला, मास्तर, आणि जे म्हणाल्या ते मी एक शब्द न बदलता, अगदी सरळ, इथं उतरवते:

"माफी कायची, भाभी? निकाह झाल्यापासून ह्यो माणूस दुसऱ्याईच्या दारात वाजवत फिरला. आधी मुंबई, मंग इथल्या वराती. साऱ्या जालन्यानं ऐकलं, मीच न्हाई ऐकलं. मी कधी जानार वरातीत? दात गेला तवा कुठं घरी बसून माझ्यासमोर वाजवला त्यानं. तुमची चूक एकच झाली. तो दात जरा जल्दी काढायला लावायचा होता."